वाचकांचे प्रश्न : पाकिस्तानातून आलेले भाडेकरू

प्रश्न : नागपुरात जरीपटक्यात आमचा वरचा मजला रिकामा आहे. पाकिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेलं सिंधी हिंदू कुटुंब तो भाड्याने मागतंय. कायद्याने चालेल का? आणि ही मंडळी जरीपटक्यातच का येतात?

उत्तर : चालेल, बिनधास्त द्या, फक्त कागद पक्के ठेवा. घरात परदेशी नागरिक राहायला आला की २४ तासांत घरमालकाने ऑनलाइन माहिती भरायची असते. हाच तो पूर्वीचा सी फॉर्म. गाडी अडते ती नावावर : पासपोर्टवर एक स्पेलिंग, करारनाम्यात दुसरं. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, व्हिसाची अखेरची तारीख टिपून घ्या, फॉर्म भरल्याच्या पावतीची प्रत जपा. निव्वळ नोटरी पुरत नाही. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. ११ महिन्यांचा असला तरी. कुटुंबालाही बदललेला पत्ता पोलीस आयुक्तालयातील परदेशी नागरिक नोंदणी विभागाला कळवावा लागतो. तिथे हाच करार पुरावा म्हणून लागतो.

जरीपटक्यात का? फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे वसले. नवा माणूस आधी नातेवाइकाकडे उतरतो, ओळखीच्या दुकानात कामाला लागतो, मग जवळच खोली बघतो. भाषा तीच, दरबारही (सिंधी प्रार्थनास्थळ) हाकेच्या अंतरावर.

३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांना नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली अर्ज करता येतो. नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. त्यांनी अर्ज केला नसेल तर जरूर सांगा.