आमचा विमानं मोडीत काढण्याचा जुना व्यवसाय बंद होतोय. त्याचा इतिहास कसा जपता येईल?

यार्ड रिकामं करायला घेण्याआधी ऑफिसला कुलूप लावा आणि तिथला एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नका. एखादं इंजिन किंवा शेपटीचा तुकडा आठवण म्हणून ठेवायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. जरूर ठेवा. पण विमान उडत होतं तोवरचा त्याचा इतिहास बऱ्याचदा कुठे ना कुठे लिहिलेला सापडतो. ते मोडलं कुणी, कसं, आणि त्यातलं काय कुणाकडे गेलं, हे मात्र फक्त तुमच्याच वह्यांत असणार.

मी अशाच एका यार्डाचं दप्तर लावायला मदत केली आहे. आवक-जावकीच्या एका वहीत प्रत्येक विमानाला एकच ओळ होती: क्रमांक, तारीख, काट्यावरचं वजन. एका ओळीपुढे पेन्सिलने लिहिलं होतं, 'कॉकपिट शाळेला'. अर्थ कुणालाच लागेना. शेवटी गॅस कटर चालवणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, तो मीच कापला, कडा घासून बोथट केल्या आणि मुलांना खेळायला नेऊन ठेवला. ती पेन्सिलची ओळ आणि ते गृहस्थ, दोन्ही वेळेवर भेटले म्हणून ही गोष्ट उरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आर्कान्सामधल्या वॉलनट रिज इथे हजारो लष्करी विमानं भंगारात निघाली आणि तिथेच भट्टीत वितळवली गेली. ती विकत घेणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाने विमानांच्या नाकांवर रंगवलेली तीसहून अधिक चित्रं कुऱ्हाडीने पत्र्यासकट काढून घेतली. पुढे ती जुनी विमानं जपणाऱ्या एका संस्थेकडे गेली आणि आज लोकांना बघायला मिळतात. म्हणजे तोडणाऱ्यांनीच राखून ठेवलं. तुमच्या यार्डातही कुणीतरी असं काही बाजूला काढून ठेवलेलं असेल, विचारून बघा.

नोंदी करताना प्रत्येक विमानाचे दोन्ही क्रमांक लिहा. नोंदणी क्रमांक बदलू शकतो, विशेषतः विमान दुसऱ्या देशात गेलं की. कारखान्याने दिलेला क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो आणि तो छोट्या धातूच्या पाटीवर कोरलेला असतो. पाटीचा फोटो तिरक्या उजेडात घ्या, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. जुने फॅक्स आधी स्कॅन करा, त्या कागदावरची अक्षरं उडून जातात. फोटोंच्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या लगेच वेगळ्या ठेवा, एकीमुळे शेजारच्याही बिघडतात. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं मिळतात. त्यांत यार्ड कसं भरत गेलं आणि कसं ओसरलं ते दिसेल.

एका बाबतीत फार जपा. जुन्या विमानांच्या घड्याळवजा मीटरांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली म्हणजे धोका गेला असं समजू नका. चमकणारं रसायन थकतं, पण रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे 1,600 वर्षं लागतात. काच उघडू नका, तबकडी खरवडू नका, आणि किरणोत्सार मोजणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय असं मीटर घरात ठेवू नका.

कामगारांना खुर्चीवर बसवून 'तुमचे अनुभव सांगा' म्हणालात तर ते दोन वाक्यांत आटपतील. त्यांना यार्डात फिरवा. पंख कुठून कापायला घ्यायचे, टाकीतलं उरलेलं इंधन कसं काढायचे, आधी काय विकलं जायचं, असं नेमकं विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. हात हवेत फिरायला लागले की बोलणं आपोआप येतं.

सगळ्याच्या दोन प्रती करा. एक घरी ठेवा, दुसरी जवळच्या अभिलेखागाराला किंवा ग्रंथालयाला द्या, पण कागद स्वीकारतील का आणि कुणालाही बघू देतील का ते आधी लेखी घ्या. वह्या महिनाभर थांबू शकतात. सगळ्यात वयस्कर कामगाराला मात्र याच आठवड्यात फोन करा, आणि जागा मोकळी व्हायच्या आत त्यांना एकदा तिथे घेऊन जा.