कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू रात्री दोन-तीनदा उठवतं, काय करावं?

या वयात पिल्लू जेमतेम तीन-चार तास शू धरू शकतं, त्यामुळे रात्री एकदा उठणं तुम्हाला चुकणार नाही. शेवटचं जेवण आठपर्यंत उरका आणि झोपायच्या आधी खाली फिरवून आणा. रात्री कुईकुई केलं की पट्टा लावून न्यायचं, दिवा नको, लाड नको, बोलणंही नको. शू झाली की परत अंथरुणावर. खेळायला घेतलंत तर रोज तीनला उठवेल! गॅलरीत एकटं मात्र कोंडू नका, ते घाबरून रडतं. सुरुवातीचे काही आठवडे तुमच्या पलंगाशेजारीच झोपवा. मोठं कुत्रं अचानक रात्री उठायला लागलं, पाणीही जास्त पिऊ लागलं, तर थेट व्हेटकडे न्या. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो.