कॅम्पमधून परतलेलं पोर आणि "आता पुढं काय?"

"एवढी वर्षं घातली, आता पुढं काय?" हा प्रश्न घेऊन येणारे आईबाप कोल्हापुरात समुपदेशक म्हणून मला वर्षभर भेटतात. कुणाचा मुलगा गुडघा मोडून तालमीतून घरी आलेला असतो, कुणाची मुलगी नेमबाजीच्या निवडीत मागे पडलेली असते. खेळ या जिल्ह्याच्या अंगात मुरलेला आहे, त्यामुळे खेळ सुटल्याचं दुःखही इथे घरोघरी आहे. त्यावर बोलणं मात्र फार कमी होतं. म्हणून एका रोइंगपटूची, म्हणजे शर्यतीची बोट वल्हवणाऱ्या खेळाडूची हकिकत सांगते. त्याच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पंचगंगेकाठच्या गावातला हा मुलगा. सैन्यात भरती झाला, उंची आणि दमसास बघून तिथे त्याला रोइंगला घेतलं, आणि लाइटवेट डबल स्कल्समध्ये तो भारताकडून परदेशात उतरला. बोटीत दोघे, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, अंतर २००० मीटर. या गटात जोडीचं सरासरी वजन ७० किलोच्या आत लागतं आणि एकट्याचं ७२.५ किलोच्या वर चालत नाही. शर्यतीच्या एक-दोन तास आधी काट्यावर उभं राहावं लागतं. याच प्रकारात टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग ही जोडी ११ वी आली होती. आपल्यालाही तिथवर जायचं, हे याने मनाशी पक्कं केलं होतं.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे तीच ओढ हजारो वेळा मारून हाडाला पडलेली बारीक चीर. रोइंगवाल्यांना हे दुखणं नवीन नाही, पण त्यात त्याची निवडीची ट्रायल हुकली आणि सरावाच्या कॅम्पमधून नाव गेलं. दुसरी गोष्ट त्याच्या हातातलीच नव्हती. १९९६ च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये असलेला लाइटवेट गट २०२४ च्या पॅरिसनंतर बंद झाला. बरगडी भरून आली तरी ज्या दारातून आत जायचं होतं, ते दारच उरलं नव्हतं.

रजेवर आला तो घरात बसला. वडील त्याला माझ्याकडे घेऊन आले. "ताई, हा बोलंना झालाय. आमचे खाशाबा जाधव लंडनला सहावे आले, मग चार वर्षांनी हेलसिंकीला पदक आणलं. ह्याला म्हणावं, ऊठ." वडील जुने पैलवान. १९४८ आणि १९५२ ही सालं त्यांच्या ओठावर होती. राजाराम कॉलेजात शिकलेल्या माणसाची ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनाच पाठ असते, आणि ती अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण पडलेल्या पोरापुढे ती लगेच ठेवली की त्याच्या कानाला एवढंच ऐकू येतं, की तू अजून उठला नाहीस. मी वडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

आई जाता जाता हळूच म्हणाली, "भाकरी मोजून खातोय. रविवारी मटण केलं, तर नुसता पांढरा रस्सा प्याला. आणि सकाळी उठला की पहिला काट्यावर."

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ज्या गटासाठी वजन राखायचं, तो गट संपला होता, शर्यत समोर नव्हती, तरी काटा चालूच होता. मी त्याला तेच विचारलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी सत्तर किलोचा रोवर आहे, ताई. ते सोडलं तर माझ्याकडं दुसरं काय आहे?"

मी त्याला थेट विचारलं, की जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसले विचार शिरत नाहीत, उलट असतील तर बोलायला वाट मिळते. तो म्हणाला, तसं नाही, पण सकाळी उठावंसं वाटत नाही. झोप, भूक, चिडचिड हे सगळं विचारून घेतलं आणि वजनाच्या सवयीसाठी खेळाडू तपासणाऱ्या डॉक्टरांकडे व आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. वर्षानुवर्षं वजन उतरवणाऱ्या शरीराला नुसत्या बोलण्याने भागत नाही. तुमच्या घरात कुणी "जगून काय करू" असं म्हणत असेल तर मात्र समुपदेशकाच्या तारखेची वाट बघू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

पुढच्या भेटीत मी त्याला म्हटलं, तुझी बोट कशी चालते ते मला समजावून सांग. गावात त्याला सगळे विचारायचे, "म्हणजे रंकाळ्यातल्यासारखी होडी का रं?" कुस्ती, फुटबॉल इथल्या लहान पोरालाही कळतं. स्वप्नील कुसाळेच्या पदकानंतर नेमबाजीतलं थ्री पोझिशन म्हणजे काय, तेही लोक सांगू लागले. याचा खेळ मात्र कुणाला ठाऊकच नव्हता, त्यामुळे त्याचं नेमकं काय गेलं, हेही कुणाला कळत नव्हतं. त्याने टेबलावरची दोन पेनं उचलली. सरकत्या सीटवर गुडघे छातीशी आणायचे, पातं पाण्यात टाकायचं, जोर आधी पायाचा, मग पाठीचा, हात सगळ्यात शेवटी. पातं बाहेर काढताना मनगट असं वळवायचं. दोघांची पाती एकाच क्षणी पाण्यात पडली नाहीत तर बोट अडखळते, ते पेनांनी करून दाखवताना त्याचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. जोडीदाराचं नावही त्याने तेव्हाच घेतलं. आपण त्याचा फोन उचलत नाही, हेही सांगितलं.

त्यानंतर आम्ही काय काय गेलं, ते एकेक करून वेगळं काढलं. बरगडी गेली नव्हती, ती भरत होती. नोकरी शाबूत होती. कॅम्पमधली जागा गेली होती, पण ती पुन्हा मागता येत होती. ऑलिंपिकमधला गट गेला होता आणि त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता. जोडीदार गेला नव्हता, यानेच त्याला तोडलं होतं. एसटी स्टँडवर त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता, आता तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता, म्हणून तो उसातल्या पाणंदीने वळसा घालून घरी यायचा. हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून तो "माझं संपलं" असं म्हणत होता. ज्यांना पुढचा निर्णय घ्यायचा असतो, त्यांच्याबरोबर मी आधी हे गाठोडं सोडते. लाजेच्या भरात घेतलेला निर्णय, खेळ सोडायचा असो की जिद्दीने उद्याच उतरायचा, पुढे टिकत नाही असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दत्तू भोकनळचा विषय त्यानेच काढला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा, सैन्यातलाच, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, १३ वा आला. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सिंगलच्या अंतिम फेरीत त्याचं शरीर साफ गळून गेलं, पदक हुकलं. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या बोटीत त्याने सुवर्ण जिंकलं. त्या सिंगलच्या शर्यतीवरूनच २०१९ मध्ये रोइंग फेडरेशनने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, आणि २०२० मध्ये ती उठवली. "लोक सोनं सांगतात," आमचा रोवर म्हणाला. "मधली रात्र कुणी सांगत नाही. ती कशी काढायची?"

त्या प्रश्नावर आम्ही बराच काळ काम केलं. रात्र काढायची म्हणजे त्या रात्री काहीही ठरवायचं नाही, वेळेवर जेवायचं, एका माणसाशी खरं बोलायचं. त्याचा तो एक माणूस म्हणजे जोडीदार. त्याला त्याने माझ्यासमोरच फोन लावला. गावातल्या "परत कधी जाणार?" यासाठी एक वाक्यही तयार केलं: "बरगडी भरून येत्येय, मग बघू." चारदा मोठ्याने म्हणून घेतलं आणि पाणंदीऐवजी स्टँडवरून जायचं ठरलं.

वडिलांना मी स्वतंत्र बोलावलं. तुम्ही तालीम सोडली तेव्हा काय झालं, असं विचारलं, तर म्हणाले, "वर्षभर गंगावेशीकडं फिरकलो नाही. कुणी पैलवान म्हणून हाक मारली की अंगावर काटा यायचा." हे पोराला माहीत आहे का? नाही म्हणाले. खाशाबांच्या ऐवजी हे सांगा, अशी मी विनंती केली. घरी दोघांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आता तो युनिटमध्ये आहे. खुल्या गटात वल्हवतोय. तिथे समोरचे नव्वद-नव्वद किलोचे असतात, त्यामुळे निकाल मधलेच लागतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये किनाऱ्यावरून धावत जाऊन समुद्रात बोट काढायचा बीच स्प्रिंट हा प्रकार पहिल्यांदाच येतोय, त्याचीही चौकशी त्याने केली आहे आणि कोचिंगच्या कोर्सचीही. हा सीझन संपल्यावर ठरवतो म्हणाला. वजन आता आहारतज्ज्ञ सांगतात त्याच दिवशी बघतो. वडील अजून दर फोनला पुढची शर्यत कधी म्हणून विचारतात. त्यांना मी सांगितलंय, ठरलं की तो स्वतः सांगेल, तोवर तारीख विचारू नका.