वाऱ्याचा डोळा

प्रश्न : नॉर्वेत शिकणारी नात सांगते, तिकडे खिडकीला ‘विंदू’ म्हणतात. हा इंग्रजी ‘विंडो’चा अपभ्रंश का? आपल्या ‘गवाक्षा’शी त्याचं काही नातं आहे का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : उलट आहे. इंग्रजीनेच हा शब्द उत्तरेकडून उचलला. मूळ शब्द प्राचीन नॉर्समधला, म्हणजे नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या भाषेतला, ‘विंदाउगा’ : ‘विंद्र’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. इंग्लंडात वस्ती केलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून तो आला आणि १३व्या शतकापासून इंग्रजी लिखाणात दिसू लागला.

वाऱ्याचा डोळा का, हे जुनं घर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कळत नाही. घराच्या मधोमध चूल, धुराडं नाही. धूर जायला छपरातच एक भोक ठेवलेलं असे. उजेड आणि हवाही तिथूनच. आइसलंडमधल्या मातीच्या घरांत अशा भोकावर जनावराच्या पोटातला पातळ पडदा चौकटीवर ताणून बसवत, म्हणजे उजेड आत येई आणि गारठा बाहेर राही. त्याला ‘स्क्याउर’ म्हणत. आज आइसलंडमध्ये संगणकाच्या पडद्याला हाच शब्द वापरतात! तिथे खिडकीला मात्र ‘ग्लुग्गी’ म्हणतात.

नॉर्वेत लिखाणाच्या दोन प्रमाण पद्धती आहेत. बुकमोलमध्ये ‘विंदू’, नीनॉर्स्कमध्ये ‘विंदाउगे’. या दुसऱ्या रूपात डोळा अजून उघडा आहे. डॅनिश ‘विंदुए’त मात्र तो इतका झिजलाय की ऐकून ओळखू येत नाही. स्वीडिश ‘फॉन्स्टर’ला या कुळात धरू नका. तो लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून जर्मन बोलींमार्गे आला. आवाज जुळला की नातं जोडायचं, ही चूक इथेच होते.

आता गवाक्ष. गो आणि अक्षि, म्हणजे बैलाचा डोळा. ‘विंदाउगा’ तिथून गेलेला नाही, पण त्यातला ‘आउगा’ आणि आपला ‘अक्षि’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे मानले जातात. ‘विंद्र’ही संस्कृत ‘वात’चा भाऊबंद, दोहोंत ‘वा’, म्हणजे वाहणे, हा धातू आहे. खिडकीला डोळा म्हणण्याची कल्पना मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. अर्थाने अधिक जवळचा शब्द हवा असेल तर तो ‘वातायन’, वारा येण्याची वाट. तुमच्याच गावात सूफी संत मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळीपाशी दुपारी उभं राहिलात, तर ऊन अडवून वारा आत घेणारं वातायन समोरच दिसेल.