विहीर आटली म्हणून बोअरची गाडी बोलावू नका

प्रश्न (माण तालुका, जि. सातारा): साहेब, ओढ्यावर बंधारा झाला, नालाही पोकलेनने खोल केला, तरी विहीर संक्रांतीलाच तळ गाठते. बोअरवाला एजंट सहाशे फूट जा म्हणतो. जाऊ का?

उत्तर: जाऊ नका. आपल्या भागात वर माती, खाली मुरूम, मग भेगांचा मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरीला पाणी येतं ते मुरूम आणि मांजऱ्यातून, उताराच्या दिशेने हळूहळू सरकत. एजंट वरच्या वीसेक फुटांतच केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) टाकतो. मग मांजऱ्यातलं पाणी बोअरमधून खोल भेगांत उतरतं आणि तुमच्यासह शेजाऱ्याच्या विहिरीचे झरे बंद होतात. एजंटाला फुटामागे पैसे मिळतात, पाणी लागो न लागो. त्याचा सल्ला घेऊ नका. शिवाय २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात (सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या भागात) ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहिरीला बंदी आहे, बोअरही त्यात आली.

नाल्याचंही तेच. पोकलेनवाला तासावर काम करतो, थांबा म्हटल्याशिवाय थांबत नाही. नाला विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेला की दोन्ही काठांच्या मुरमातलं पाणी नाल्यात झिरपतं आणि माणगंगेतून भीमेकडे निघून जातं. गाळ काढा, मुरूम फोडू नका. पुन्हा सांगतो, मुरूम फोडू नका.

काम माथ्यावरून सुरू करा. एकरभर रानावर २५ मिमी पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. ते डोंगरावरच अडलं तर मुरमात मुरतं, ओढ्याला लागलं तर माती घेऊन धावतं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले), मग बांधबंदिस्ती, मग रानात उताराला आडवी पेरणी, बंधारा सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे नेमका उलटा क्रम झाला, म्हणून बंधारा गाळाने भरला. चर मे महिन्यातच उरका. मृग बरसल्यावर चर खोदले तर मोकळी माती थेट बंधाऱ्यात येते.

राज्य सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेत बंधाऱ्याचा गाळ निघू शकतो, ग्रामपंचायतीमार्फत मागणी करा. गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका, भारी काळ्यात नको.

दिवाळीला विहिरीत दोर सोडून पाणी मोजा आणि त्यावर रब्बी ठरवा. ज्वारी, हरभरा घ्या, ऊस नको. नाला आणखी खोल करायचा ठराव ग्रामसभेत आला, तर मंजुरीआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकांना ओढा दाखवा.