नीट सोडून तत्त्वज्ञान?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. अकरावीपासून नीटचा क्लास लावलाय. दिवाळीपासून हार्वे हा जुना वैद्य आणि देकार्त, लॉक हे तत्त्वज्ञ यांच्याबद्दल वाचण्याचं वेड लागलंय. आता म्हणते, एमबीबीएस नको, बीए फिलॉसॉफी करते. मी म्हटलं, आधी डॉक्टर हो, मग हवं ते वाच. तेव्हापासून घरात अबोला आहे. – एक पालक, सांगली

उत्तर :

नमस्कार. आधी अबोला सोडा, परीक्षेच्या तोंडावर तो दोघांनाही परवडणारा नाही.

गंमत अशी की, मुलीने ज्यांची नावं घेतली त्यांनी डॉक्टरकी आणि तत्त्वज्ञान अशी वाटणी केलीच नव्हती. जॉन लॉक ऑक्सफर्डला वैद्यक शिकला. १६६८ मध्ये लॉर्ड अ‍ॅशली या इंग्रज राजकारण्याच्या यकृतावरची शस्त्रक्रिया त्याच्याच देखरेखीखाली झाली. ज्या ग्रंथामुळे तो तत्त्वज्ञ म्हणून ओळखला जातो, तो पन्नाशी उलटल्यावर आला. देकार्त कायद्याचा पदवीधर, पण अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका हिवाळ्यात तो जवळपास रोज खाटकाकडे जायचा आणि जनावरांचे अवयव घरी आणून चिरून बघायचा. आपल्याजवळचंच उदाहरण हवं असेल तर गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य बघा. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या त्याच्या पुस्तकात तो स्वतःच म्हणतो की, स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांच्या आणि गेलन या प्राचीन वैद्याच्या विरोधात बोलायची छाती झाली नसती.

तेव्हा मुलीला नेमकं काय आवडतंय, हे आधी शोधायला हवं. त्यासाठी विल्यम हार्वेचं हृदयावरचं १६२८ चं छोटं पुस्तक तिला द्या. मूळ लॅटिन आहे, पण इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. त्यातलं नववं प्रकरण तिने तुमच्यासमोर बसून वाचावं.

चौदाशे वर्षं गेलनचा शब्द प्रमाण होता : अन्नापासून यकृत रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून टाकतं. हार्वे इथे सरळ हिशेब मांडतो. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा, अर्ध्या तासात हजार ठोके धरा. झाले पाचशे औंस, म्हणजे चौदा किलो! इतकं रक्त बनवायला माणसाला अख्खी पंगत एकट्याने जेवावी लागेल, तीही दर अर्ध्या तासाला. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. धमनीतून ते शिरेत कुठून जातं हे मात्र त्याला कधीच दिसलं नाही. दोन्हींना जोडणाऱ्या केशवाहिन्या मालपिगी या इटालियन वैद्याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती.

वाचून झालं की मुलगी काय विचारते ते ऐका. 'हा अर्धा औंस त्याने मोजला कसा, कमी धरला तर?' असं विचारत कागद-पेन घेऊन बसली, तर तिचा ओढा विज्ञानाकडे आहे. 'न दिसलेल्या गोष्टीवर फक्त हिशेबाच्या जोरावर विश्वास कसा ठेवायचा?' यावर ती तासभर भांडली, तर तत्त्वज्ञानाचं वेड खरं आहे. आणि त्याच पुस्तकातल्या चित्राप्रमाणे स्वतःच्या दंडाला पट्टी बांधून, फुगलेली शीर बोटाने दाबून झडपा शोधायला लागली, तर नीटचं पुस्तक इतक्यात रद्दीत घालू नका. यातलं काहीच न होता नुसत्या गोष्टी सांगत राहिली, तर हा वाचनाचा छंद आहे. छंदासाठी शाखा बदलायची गरज नसते.

'आधी डॉक्टर हो, मग वाच' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षांचं, पुढे पीजी तीन वर्षांचं. मन नसताना तिथे ढकललेली मुलं मी पाहतो, ती वाचतही नाहीत आणि रमतही नाहीत. पण बीए फिलॉसॉफीचं चित्रही मुलीसमोर स्पष्ट ठेवा. पुढे एमए, मग नेट ही प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. प्राध्यापकांच्या जागा रखडलेल्या असतात, कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. एक गोष्ट मात्र सोयीची आहे : फिलॉसॉफीच्या एमएला बहुतेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. शिवाय विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान हा केंब्रिजसारख्या ठिकाणी स्वतंत्र विभाग आहे, तिथे विज्ञानाची पदवी कामी येते. म्हणून आजच दार बंद करायची घाई नको.

माझा कल आयसरकडे, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र चालणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे. पुण्यातच आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस. प्रवेशपरीक्षा वेगळी असते. पीसीबीवाल्यांनाही ती देता येते, पण साठपैकी पंधरा प्रश्न गणिताचे असतात आणि तुमच्या मुलीचं गणित दहावीनंतर सुटलंय. निदान अकरावीचं गणित तिने आतापासून रोज तासभर करावं. नीटची तयारी चालू राहू दे, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी दोन्हीकडे उपयोगी पडतं. आयसरचा फॉर्म स्वतंत्र भरावा लागतो, त्याची तारीख तुम्ही लक्षात ठेवा. मुलीवर सोडू नका, ती देकार्त वाचत बसेल.