कोंबडीला आधी दाणे टिपू द्या: जुन्या खेळण्यांच्या चित्रांबद्दल

प्रश्न असा होता: माहेरच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. तिच्यात सावंतवाडीची लाकडी भातुकली, एक ठकी (लाकडाची कोरीव बाहुली), किल्लीवर चालणारी टिनाची कोंबडी, झांजा वाजवणारं माकड, एक चाक गेलेली लॉरी आणि सेल्युलॉइडची बाहुली. यांची जलरंगात चित्रमालिका करायला घेतली आहे. चित्रं नीटनेटकी आली, पण बघणारे 'दुकानाचा कॅटलॉग वाटतो' म्हणतात. म्हणून माकडाला चष्मा घातला, कोंबडीला छत्री दिली, तर प्रकार आणखीच बिघडला. शिवाय दोन उपप्रश्न: खेळणी रंगवून-दुरुस्त करून मग चित्रं काढावीत का, आणि या चित्रांच्या प्रिंट विकल्या तर खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांची हरकत येईल का.

चष्मा आणि छत्री आधी काढून टाका. तुमचा हात चांगला आहे, माकडाच्या विजारीवरचे पट्टे बघूनच ते कळतं. पण खेळण्यात गंमत कमी पडतेय असं धरून तुम्ही ती बाहेरून चिकटवायला गेलात. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि फावल्या वेळात जुनी खेळणीच रंगवते. माझं मत असं की चांगल्या खेळण्यात गंमत बनवतानाच घातलेली असते. ती नेमकी कुठे लपली आहे एवढंच आपण शोधायचं.

कोंबडी उलटी करून बघा. किल्ली फिरवली की स्प्रिंग आवळली जाते, दातेरी चाकं तो ताण हळूहळू सोडतात, आणि त्यातल्या एकाला जोडलेली दांडी कोंबडीला पुढे झुकवते. संपलं. तिला मान वळवता येत नाही, पंख उघडता येत नाहीत. जन्मभर एकच काम येतं, आणि समोर दाणे असोत वा नसोत ती ते मन लावून करते. हा तिचा स्वभाव, आणि तो यंत्रातून आलेला आहे. आता तिला स्वयंपाकघरातल्या मोकळ्या ओट्यावर ठेवा, खऱ्या तांदळाची मूठ तिच्या शेपटीमागे वीतभर अंतरावर सांडा, आणि तिला निष्ठेने रिकामी फरशी टिपू द्या. छत्री लागत नाही.

माकडाचंही तेच. गावच्या भजनी मंडळात एक गृहस्थ असतात बघा, ज्यांना अभंग कुठलाही असो, ठेका एकच येतो. माकड तसं आहे. त्याच्या शेजारी खरी पेटी ठेवा, भाता अर्धवट उघडा, वादक कुणी नाही. माकडाच्या झांजा मिटायच्या बेतात असताना पकडा, पूर्ण मिटलेल्या किंवा पूर्ण उघडलेल्या नकोत. त्या मधल्या क्षणात आवाज येणार आहे हे बघणाऱ्याला कळतं.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: एका चित्रात एकच खोटं. बाकी सगळं काटेकोर खरं. लॉरीचं चौथं चाक नाही ना? मग तिथे तांब्याचा ढब्बू पैसा बसवा. पण तो पैसा नाण्यासारखाच रंगवा, हिरवट डागांसकट, आणि लॉरी त्या बाजूला जेवढी कलायला हवी तेवढीच कलू द्या. पैसा चाकापेक्षा किंचित मोठा असला तर लॉरी उलट्या बाजूला झुकेल, तेही मोजून काढा. दोन खोट्या गोष्टी एकत्र आल्या की बघणारा सैल होतो, म्हणतो 'इथे काहीही चालतं', आणि हसायचं सोडून देतो.

आकारमानाबद्दल. आपल्याकडच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही, दिवाळीतला किल्ला आठवा. पहारेकरी मावळा दरवाज्यापेक्षा उंच, वाघ गुहेत मावत नाही, महाराज सिंहासनावर, आणि पायथ्याच्या रस्त्यावर प्लॅस्टिकची अ‍ॅम्बॅसेडर. कुणालाच खटकत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या कामात गर्क आहे. तुमच्या चित्रांत प्रत्येक खेळणं पांढऱ्या कागदाच्या मधोमध एकटं, वरून बघितल्यासारखं आलंय. कॅटलॉगची कळा तिथून येते. उभं राहून टेबलावर बघितलेलं खेळणं विकाऊ दिसतं. ते फडताळाच्या वरच्या फळीवर, तुमच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा, किंवा सरळ जमिनीवर पालथं पडून बघा. क्षितिजरेषा कोंबडीच्या पोटाशी आली की कोंबडी घराएवढी होते आणि शेजारचा अडकित्ता दीपस्तंभाएवढा. पाठ दुखते, पण उपाय नाही.

कॅटलॉग ही मुळात वाईट गोष्ट आहे असं मात्र समजू नका. या विषयातलं मला सर्वांत आवडणारं काम एका अर्थाने कॅटलॉगच आहे. शिमिझु सेइफू, जन्म १८५१, टोकियोच्या कांडा भागातल्या मालवाहतुकीचा धंदा असलेल्या घरातला. १८८० मध्ये त्याने मित्रांबरोबर खेळण्यांच्या शौकिनांचं मंडळ काढलं आणि जपानच्या गावोगावची खेळणी जमवत, रंगवत बसला. कागदाच्या लगद्याचे कुत्रे, मान डोलवणारी लाल गाय, ईशान्येच्या तोहोकू भागातल्या हातपाय नसलेल्या लाकडी बाहुल्या. १८९१ पासून त्याच्या चित्रांचे लाकडी ठशांनी रंगीत छापलेले खंड 'उनाइ नो तोमो' या नावाने निघाले. सहा खंड त्याने केले, १९१३ मध्ये तो गेला, आणि उरलेले चार निशिझावा तेकिहो या तरुण चित्रकाराने १९२४ पर्यंत पुरे केले. काही ग्रंथालयांनी हे खंड स्कॅन करून फुकट बघायला ठेवले आहेत, जरूर शोधा.

त्या पानांवर पार्श्वभूमी नाही, खेळण्याशेजारी त्याच्या गावाचं नाव. तरी बघताना ओठांवर हसू येतं. मला त्याचं कारण असं वाटतं की सेइफू खेळण्याची घडण लपवत नाही. लगद्याचं खेळणं ओबडधोबड असेल तर त्याची रेघही ओबडधोबड. डोळा तिरका लागला असेल तर तिरकाच. कारागिराचा हात जिथे घसरला, तिथे त्याचा ब्रशही घसरतो.

हे तुमच्या टिनाच्या खेळण्यांना नेमकं लागू पडतं. टिनाच्या पत्र्यावर आधी सपाट असतानाच रंग छापत, मग तो साच्यात दाबून आकार देत, आणि दोन अर्धे भाग पत्र्याच्या जिभा खाचांत घालून, वळवून जोडत. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या कारखान्यांनी हे तंत्र जगभर नेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने त्यावर पुन्हा धंदा उभा केला, तोही सुरुवातीला वापरून टाकलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून. या पद्धतीमुळे माकडाच्या चेहऱ्याच्या मधोमध जोड येतो आणि गालावरची लाली गालापासून जरा सरकलेली असते. तुम्ही चित्रात ती जागेवर आणून ठेवलीत! ती परत सरकवा. जिभांचे वळलेले पत्रे, किल्लीच्या भोकाभोवतीचा ओरखडा, पोटावर छापलेली पण पत्रा दाबताना ताणलेली बटणं, सगळं हवं.

रंगाचं म्हणाल तर छापील शाई बरीचशी पारदर्शक असते, खालचा पत्रा तिच्यातून चमकतो. म्हणून टिनासाठी जलरंगच बरा. कागदाचा पांढरा राखून ठेवा, त्यावर अगदी पातळ पिवळा, तो सुकल्यावर लाल किंवा निळा. गंजाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) ओल्यात ओला सोडा आणि हात लावू नका. एकाच बाजूने दिवा ठेवा. दोन दिवे लावले की सावल्या भांडतात.

लाकडी भातुकलीला हे चालणार नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतलं काम हलक्या लाकडावर सपाट, भरीव रंगाचं. तिथे गुवाश (अपारदर्शक जलरंग) किंवा साधे पोस्टर कलर घ्या. आधी सपाट भराव, मग वरून रेघ, तिथले चितारी, म्हणजे रंगकाम करणारे कारागीर, करतात त्याच क्रमाने. चकाकी बारीक आणि कडक कडेची ठेवा. जमलं तर सावंतवाडीच्या राजवाड्यात एकदा जाऊन या. तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करणारे कलाकार बसतात. दशावतारी गंजिफेचा संच १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि ती पानं गोल. एवढ्याशा गोलात मत्स्यावतार बसवताना काय सोडलं आणि काय ठेवलं हे बघणं चार वर्गांच्या तोडीचं आहे. ही कला मोडकळीला आली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली.

ठकी सर्वांत अवघड, तिच्यावर जास्त वेळ द्या. तिला किल्ली नाही, चाक नाही, हात अंगालाच कोरलेले. यंत्रच नाही तर स्वभाव कुठून आणायचा? झिजेतून. तिला हातात धरा, मुलगी धरेल तशी. अंगठा जिथे पडतो तिथला रंग गेलेला असेल. नाकाचा शेंडा बोथट झाला असेल, कारण ती नेहमी तोंडावरच पडते. कपाळावर कुणी तरी नंतर पेनने कुंकू काढलेलं असतं. या खुणा म्हणजे तिचं सगळं चरित्र. ठकीला मी हसवत नाही. ती समोर रोखून बघते, तेवढंच राहू दे. हवं तर तिच्यासमोर भातुकलीतलं लाकडी ताट ठेवा आणि त्यात खरी एक शेंगदाण्याची पाकळी. ती जेवणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी वाढलंय.

जाता जाता, खेळण्याकडे गांभीर्याने बघणं कमीपणाचं नाही हे घरच्यांना पटवायचं असेल तर के. जी. सुब्रमण्यन यांचं नाव सांगा. बडोद्याच्या कलाविद्यालयात फाइन आर्ट्स फेअर भरत, त्यासाठी या एवढ्या मोठ्या चित्रकाराने लाकूड, चामडं, मणी वापरून खेळणी बनवली. त्यांतले प्राणी चार-पाच तुकड्यांत उभे राहतात आणि तरी प्रत्येकाचा तोरा वेगळा. बंगालचे चित्रकार जामिनी रॉय यांच्या चित्रांतले मोठे डोळे आणि ठसठशीत रेघही बंगालच्या पटचित्रांच्या आणि बाहुल्यांच्या वाटेने आली आहे.

दुरुस्तीचं उत्तर: करू नका. निदान चित्रं होईपर्यंत तरी नाही. टिनावरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका, जोडात शिरून आतून गंजतं. जुन्या लाखकामावर सॅनिटायझर किंवा स्पिरिट चुकूनही नको, लाख त्यात विरघळते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिशपेपर मारू नका आणि ही खेळणी घरातल्या बाळाच्या हाती देऊ नका. किल्ली अडकली असेल तर जोर लावू नका, तुमच्या कामासाठी कोंबडी चालायची गरज नाही, ती कशी चालते हे कळलं की झालं. आणि सेल्युलॉइडच्या बाहुलीला गरम बल्बपासून लांब ठेवा. ते प्लॅस्टिक झटकन पेट घेतं. तिचं चित्र खिडकीच्या उजेडात काढा.

आता विक्री. मी वकील नाही, पण स्वतःच्या कामासाठी विचारपूस केली होती, ती अशी. आपल्याकडे कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. पण कारखान्यात काढलेल्या वस्तूच्या रूपाचा मामला वेगळा आहे. ते रूप डिझाइन म्हणून नोंदवलं तर संरक्षण १० वर्षं, आणखी ५ वाढवून मिळतात. नोंदवता येण्याजोगं असून नोंदवलं नाही, आणि यंत्राने ५० पेक्षा जास्त नग काढले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट उरत नाही. म्हणजे तुमच्या कोंबडीची आणि लॉरीची फारशी काळजी नको. सावध राहायचं ते प्रसिद्ध कार्टून पात्रांबद्दल आणि नाव-चिन्हांबद्दल. लॉरीच्या दारावर आजही चालू असलेल्या कंपनीचं बोधचिन्ह असेल तर विक्रीच्या प्रिंटमध्ये तिथे ओरखडा येऊ द्या, नाहीतर लॉरीची दुसरी बाजू रंगवा. ट्रंकेत एखादं कार्टून पात्र निघालं तर त्याचं चित्र घरच्या भिंतीसाठी ठेवा. परदेशात विकणार असाल तर तिथले नियम वेगळे, मग खऱ्या वकिलाला विचारा.

प्रिंटसाठी फोनवर फोटो काढू नका, सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. टिनाची चमक दाखवायला सोनेरी-चंदेरी रंग वापरायचा मोह होईल. मूळ चित्रात तो छान दिसतो, पण स्कॅनमध्ये मातकट तपकिरी येतो. प्रिंट विकायच्या असतील त्या चित्रांत चमक कागदाच्या पांढऱ्यानेच दाखवा, आणि सोनेरीचा हट्ट असेलच तर तो मूळ चित्र विकत घेणाऱ्यासाठी राखून ठेवा, किंमतही त्याप्रमाणे लावा.